समुद्राकडे पाठ करा, चांदरला जा!

सेमिस्टरचा शेवटचा पेपर संपायच्या आधीच तुमचा ग्रुप तयार झालेला असतो. ग्रुपचं नाव ‘गोवा पक्का’. त्यात अकरा जण, त्यातले सहा ऐनवेळी गळणार हेही पक्कं. यादी ठरलेली असते: बागा, कळंगुट, एक फोर्ट, एक क्रूझ आणि फोटोसाठी जुन्या गोव्यातलं एखादं चर्च. तीन दिवस, तीन रात्री आणि परत आपलं संभाजीनगर.

या यादीत फक्त अर्धा दिवस मोकळा ठेवा, एवढंच आज सांगायचंय. त्या अर्ध्या दिवसात समुद्राकडे पाठ करायची आणि मडगावहून १३-१४ किलोमीटर आत, चांदर नावाच्या गावात जायचं. तिथं चर्चसमोर एक घर आहे. घर म्हणजे किती मोठं? वरच्या मजल्यावर एका ओळीत दोन डझनांच्या आसपास खिडक्या. तुमच्या कॉलेजची एखादी विंग आरामात मावेल एवढी लांबी. हे मिनेझिस ब्रागांझा घराण्याचं घर. सतराव्या शतकापासूनचं, आणि आजही त्यात माणसं राहतात.

आत काय आहे?

घराच्या मधोमध जिना आणि दोन बाजूंना दोन दारं. एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन अंगांना राहत आल्या. पूर्वेकडे परेरा ब्रागांझा, पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा. आत गेल्यावर नाचगाण्याचा मोठा दिवाणखाना, छताला टांगलेली युरोपातली काचेची झुंबरं, मकाऊमार्गे आलेली चिनी मातीची भांडी, गोव्याच्याच सुतारांनी कोरलेल्या शिसवी खुर्च्या. पश्चिमेच्या अंगात जवळजवळ पाच हजार पुस्तकांचं ग्रंथालय. पूर्वेच्या अंगात घरातलंच छोटं प्रार्थनाघर. तिथं संत फ्रान्सिस झेवियर यांचं, हिरे जडवलेल्या कोंदणातलं नख जपलेलं आहे असं घरचे सांगतात.

जुन्या गोव्यातल्या घरांच्या खिडक्या नीट बघा. काच महाग होती, म्हणून लाकडी चौकटीत शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या बसवायचे. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत दुधासारखा उजेड येतो. दारापुढच्या ओट्याला ‘बाल्कांव’ म्हणतात. समोरासमोर दोन दगडी बाकं, वर छप्पर. संध्याकाळी तिथं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची. आपल्या वाड्यातली ओसरी आठवली ना? बरोबर. काम तेच.

ही ‘पोर्तुगीज घरं’ आहेत का?

रिक्षावाला, गाइड, इन्स्टाग्राम, सगळे त्यांना ‘पोर्तुगीज हाऊस’ म्हणतात. पण यातली बहुतेक घरं पोर्तुगीजांनी बांधलेली नाहीत. ती बांधली गोव्याच्या लोकांनी, गोव्याच्या चिऱ्यात, गोव्याच्या गवंड्यांकडून. फक्त त्यांची आडनावं, त्यांचा धर्म आणि जेवणाचं टेबल युरोपकडे वळलेलं होतं.

हे कसं झालं? १५१० मध्ये आफोंसो द अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा बेट घेतलं. १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश हे तालुके पोर्तुगीजांकडे गेले. पुढच्या काही दशकांत तिथली देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली आणि १५६० मध्ये ‘इन्क्विझिशन’ म्हणजे धर्मन्यायालय बसवलं गेलं. मधली काही वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. अनेक कुटुंबं रातोरात देव घेऊन मांडवी-झुआरीपलीकडे पळाली. जी राहिली, त्यातली बरीच ख्रिस्ती झाली. राहिलेल्यांची जमीन राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कथा जमिनीचीच आहे.

ब्रागांझा हेही मूळ इथलंच हिंदू घराणं. आडनाव मात्र थेट पोर्तुगालच्या राजघराण्याचं. त्याच राजघराण्यातली कॅथरीन इंग्लंडच्या राजाला दिली, तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई आंदण गेली, हे तुम्ही शाळेत वाचलंय.

आणि धर्म बदलला म्हणून जात गेली का? नाही गेली. गोव्याच्या कॅथलिकांत ‘बामण’, ‘चार्डो’, ‘सुदिर’ हे भेद टिकले. लग्न ठरवताना बघितले गेले, चर्चच्या उत्सवात मान कुणाचा यावरून भांडणं झाली. मोठी घरं बहुतेक बामण आणि चार्डो कुटुंबांची. म्हणजे झुंबर बेल्जियमचं असलं, तरी ते कुणाच्या छताला लटकणार हे आपल्याकडच्याच जुन्या हिशोबाने ठरत होतं.

पैसा आला कुठून?

एवढं घर बांधायला आणि चारशे वर्षं चालवायला पैसा लागतो. तो मुख्यतः तीन ठिकाणांहून आला.

पहिलं, जमीन. भातशेती आणि नारळाची भाटं. जमीनदाराला म्हणायचे भाटकार. त्याच्या जागेत झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराने भाटकाराच्या बागेची राखण करायची, बोलावलं की कामाला यायचं, घरात कार्य असलं की राबायचं. घर स्वतःचं, पण खालची जमीन दुसऱ्याची. भाटकाराचा राग झाला की घर सोडावं लागण्याची भीती.

दुसरं, नोकरी आणि शिक्षण. पोर्तुगीज भाषा आणि कायदा शिकलेली मुलं सरकारी कचेरीत, न्यायालयात, वैद्यकीत गेली. पणजीचं वैद्यकीय विद्यालय १८४२ चं आहे. एक मुलगा वकील किंवा डॉक्टर, एक पाद्री, एक घर सांभाळायला, अशी अनेक घरांची वाटणी असायची. घरात पाद्री असणं म्हणजे श्रद्धा होतीच, पण वजनही होतं. घरातल्या प्रार्थनाघराला तोच अर्थ होता. देवाशी जवळीक आणि गावात पत, दोन्ही एकाच खोलीत.

तिसरं, समुद्रापारचा व्यापार. मकाऊ, मोझांबिक, लिस्बन ही त्या साम्राज्याचीच बंदरं होती. माणसं तिकडे गेली, पैसा आणि चिनी भांडी इकडे आली. या व्यापारात अफूही होती, हे सांगायला हवं. भांड्यांवर घराण्याची आद्याक्षरं रंगवून घेतलेली दिसली की फोटो काढावासा वाटेल (आत परवानगी नसते, आधी विचारा). पण ते ताट कोणत्या पैशातून आलं, हा प्रश्नही सोबत ठेवा.

घर सत्तेच्या विरोधात उभं राहतं तेव्हा

आता चांदरच्या घराची खरी मजा. ज्या राजवटीने या घराण्याला आडनाव आणि थाट दिला, तिच्याविरुद्ध याच घरातून आवाज उठला.

लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) हे पत्रकार. १९०० मध्ये ‘ओ हेराल्दो’ हे गोव्यातलं पहिलं दैनिक सुरू झालं, त्यात त्यांचा वाटा होता. पुढे १९११ मध्ये त्यांनी ‘ओ देबाते’ काढलं. ते ग्रंथालय म्हणजे त्यांचं हत्यार होतं. १९३० मध्ये पोर्तुगालमध्ये सालाझारने वसाहतींना आणखी खाली दाबणारा कायदा आणला, तेव्हा गोव्याच्या विधिमंडळात लुईस उभे राहिले आणि गोव्याच्या लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, असा ठराव त्यांनी मांडला. त्यांची मुलगी बेर्ता ही पुढे स्वातंत्र्यलढ्यात उतरली. आणि याच चांदर गावचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १९४६ मध्ये त्यांना अटक झाली, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं गेलं. पुढे ते पोर्तुगालमधून निसटले, पण गोवा मुक्त झालेला त्यांनी पाहिला नाही. १९५८ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

पणजीत ‘इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा’ नावाची इमारत आहे, ती लुईस यांच्याच नावाची. आधी तिच्या नावात वास्को द गामा होता. बदल केवढा, ते नावावरूनच कळतं.

आणि खरोखरचे युरोपीय?

तेही होते. दोन घरांची गोष्ट सांगतो.

एक केप्याची. १७८७ मध्ये जुझे पावलू द आल्मेदा या पोर्तुगीज धर्मगुरूने कुशावती नदीकाठी घर बांधलं. तो चर्चमधला ‘डीन’, म्हणून घराचं नाव ‘पालासियो दु देआंव’. केपे हे गाव त्यानेच वसवलं असं मानतात. हे घर अलीकडच्या काळात पडायला आलं होतं. एका गोवेकर दांपत्याने ते घेतलं, वर्षानुवर्षं खपून जुन्या पद्धतीने दुरुस्त केलं आणि आता पाहुण्यांना जेवण वाढून, घर दाखवून ते चालवतात.

दुसरी मये गावची. मयेचा तलाव तुमच्या ट्रिपच्या यादीत असू शकतो. या गावातली बरीचशी जमीन ‘मयेच्या काउंट’ची, म्हणजे एका पोर्तुगीज सरदार घराण्याची होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मालक पोर्तुगालला निघून गेले. जमिनीचं काय? १९६४ च्या कायद्याने ती ‘निर्वासित मालमत्ता’ ठरली आणि सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणारे, ती कसणारे गावकरी मात्र ना मालक, ना भाडेकरू. घरावर साधी दुरुस्ती करायची तरी परवानगी मागायची. त्यांनी आंदोलनं केली, निवडणुकांवर दबाव आणला. शेवटी काउंटचे हक्क संपवणारा कायदा झाला २०१४ मध्ये. गोवा मुक्त झाला १९६१ ला, मयेला त्यानंतर ५३ वर्षं वाट बघावी लागली.

घरं का पडतात?

गोव्यात फिरताना तुम्हाला एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसेल. सुंदर कमानी, कोसळलेलं छप्पर, आत वाढलेलं पिंपळाचं झाड आणि फाटकाला गंजलेलं कुलूप. हे कशामुळे होतं?

पहिलं कारण चांगलं आहे. १९६४ मध्ये कुळकायदा आला, १९७५ मध्ये मुंडकार कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालक होण्याचा हक्क दिला. न्याय झाला, आणि त्याच न्यायाने मोठ्या घरांचं उत्पन्न बंद झालं. ज्या शेतांवर छप्पर तरलं होतं, ती शेतं गेली.

हे आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटला. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला. तुमच्या गावातली पडकी गढी बघा. देशमुखांची असेल, जहागीरदाराची असेल. तिची माती आणि दगड पुढे गावाने घरं बांधायला नेले. चांदरचा भाटकार आणि आपल्याकडचा जहागीरदार एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांच्या छपराला गळती एकाच कारणाने लागली.

दुसरं कारण वारसाहक्क. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आलेला नियम आहे. आई-बाप इस्टेटीतला अर्धाच भाग मर्जीने कुणाला देऊ शकतात, बाकीचा अर्धा सगळ्या मुलांचा, मुलगा-मुलगी समान. नवरा-बायकोचीही साधारणपणे निम्मी-निम्मी मालकी. हे ऐकायला किती छान आहे! मुलींना देशभर समान वाटा मिळायला २००५ उजाडावं लागलं. पण तीन पिढ्यांनंतर त्याच घराला चाळीस मालक होतात. एक लिस्बनला, दोन टोरोंटोला, एक मुंबईत, एकाचा पत्ताच नाही. छपराला किती खर्च करायचा यावर चाळीस सह्या कोण गोळा करणार?

तिसरं कारण पाऊस. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, गोव्यात त्याच्या चौपट. कौलारू छपराची दरवर्षी शाकारणी करावी लागते. एक वर्ष चुकलं की वासे कुजतात, दुसऱ्या वर्षी वाळवी, तिसऱ्या वर्षी छप्पर खाली. मोठं घर पाडायला शत्रू लागत नाही. दोन पावसाळ्यांचा आळस पुरतो.

आणि चौथं, भाव. दिल्ली-मुंबईचा ग्राहक रोख पैसे घेऊन दारात उभा असताना शाकारणीचा हिशोब कोण करणार?

एका जर्मन सावकाराची युक्ती

श्रीमंत कॅथलिक घराण्यांनी हा प्रश्न दुसरीकडे कसा सोडवला? जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात याकोब फुगर (१४५९-१५२५) नावाचा सावकार होता. राजांना कर्ज देणारा, खाणींचा मालक, पोपचा बँकर. पापक्षमेच्या चिठ्ठ्यांचा जो व्यवहार बघून मार्टिन ल्यूथर भडकला, त्याचा पैसा फुगरच्या पेढीतून फिरत होता. १५०५ ला भारतात आलेल्या पोर्तुगीज ताफ्यातही त्याचं भांडवल होतं. पुढे १५८७ पासून फुगरांचा माणूस, फर्डिनांड क्रोन, मिरीच्या व्यापारासाठी थेट गोव्यात राहत होता.

याच फुगरने १५२१ मध्ये गरजू कॅथलिक नागरिकांसाठी वसाहत बांधली, ‘फुगराय’. भाडं वर्षाला एक गिल्डर, म्हणजे आज ८८ युरो-सेंट. आपले शंभराच्या आसपास रुपये, तेही वर्षाला! सोबत अट एकच: फुगर कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. पाचशे वर्षं झाली, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, पुन्हा बांधली, आजही तिथं दीडशेच्या आसपास लोक राहतात.

हे कसं टिकलं? फुगरने ती मालमत्ता वारसांत वाटली नाही. न्यास केला, नियम लिहून ठेवले, मागे उत्पन्न लावलं. आज त्यातला मोठा भाग जंगलांमधून येतो, शिवाय पर्यटकांचं तिकीट. त्याच्या हेतूबद्दल वाद घाला, घालायलाच हवा. पापाची भरपाई होती की दानत, कोण जाणे. पण कागद नीट केला तर इमारत मालकापेक्षा जास्त जगते, एवढं त्यावरून दिसतं.

चांदर, केपे, लोटली इथली उघडी असलेली घरं हेच आपापल्या परीने करतायत. बघायला येणाऱ्याकडून काही रक्कम घ्यायची आणि त्यातून छप्पर सांभाळायचं. म्हणून तिथं पेटी पुढे केली तर तोंड वाकडं करू नका. क्रूझच्या तिकिटापेक्षा ते कमीच असतं. आणि ते म्युझियम नाही, कुणाचं तरी घर आहे. आधी विचारून जा, आवाज खाली ठेवा, खुर्चीवर बसून रील काढू नका.

आता आपल्या घराकडे या

गुलमंडी, शहागंज, बेगमपुरा या भागांतून तुम्ही रोज गाडी काढता. ५२ दरवाजांचं शहर म्हणून मिरवतो आपण. दरवाजे सरकारचे, त्यांच्यासाठी निदान आंदोलन तरी होतं. घरांसाठी कोण करणार? लाकडी खांबांचे वाडे, गावाकडची माळवदं, चौसोपी घरं एकेक करून कुलपाआड जातायत. कारणं तीच, चांदरचीच: उत्पन्न तुटलं, वारस वाढले, सह्या जमत नाहीत, कुणी पुण्यात, कुणी दुबईत.

तुम्हाला इमारत वाचवायला कुणी सांगत नाही. विशीत कुणाच्या खिशात शाकारणीचे पैसे असतात? पण एक काम तुम्ही या सुट्टीत करू शकता आणि त्याला पैसा लागत नाही. आजी-आजोबा किंवा मोठे काका असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि तीन गोष्टी विचारून घ्या. घर कुणी, कोणत्या पैशातून बांधलं? आज पीआर कार्डावर किंवा आठ-अ वर कुणाकुणाची नावं आहेत, आत्यांची आहेत का? आणि या घरासाठी राबलेली माणसं कोण होती, त्यांची घरं कुठे आहेत?

तिसरा प्रश्न टाळू नका. भाटकाराचं झुंबर आपण बघतो, मुंडकाराची झोपडी कुणी तिकीट लावून दाखवत नाही. आपल्याही घरांची तीच गत आहे. उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करा, कागदांचे फोटो काढा, भावंडांच्या ग्रुपवर टाका. ‘गोवा पक्का’ ग्रुपमधले सहा जण गळाले तरी चालेल. घरच्या ग्रुपवर मात्र सगळे वारस आहेत ना, हे बघा. कारण उद्या सह्या त्यांच्याच लागणार आहेत.